सलग दोन खाडे नकोत

कबनूरच्या आप्पांनी यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा कारागीर म्हणून, उभी हयात काढली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला. पुढं त्याचा खडखडाट शहराची हद्द ओलांडून कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळपर्यंत गल्लीगल्लीत शिरला. आप्पांच्या उमेदीच्या काळात कामावर जायचं ते सायकलनंच. पाळी सुटायच्या वेळेला रस्ता सायकलींनी भरून जायचा, हँडलला डबे लोंबत असायचे. सायकल ही कामाची वस्तू होती. मौजेखातर कुणी ती चालवतं, हे त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. मग मोटारसायकल आली आणि सायकल भंगारात गेली.

चौसष्टाव्या वर्षी आप्पांनी माग सोडला. थोरल्या पोरानं हौसेनं गिअरची सायकल आणून दिली. गावातली पाच-सहा पोरं दर रविवारी लांब जायची. त्यांनी आप्पांना बोलावलं आणि पहिल्याच रविवारी आप्पा त्यांच्याबरोबर नरसोबाच्या वाडीला गेले. टाकवडे, शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड, दोन्ही बाजूंनी ऊस, वाडीच्या घाटावर कृष्णा-पंचगंगेचा संगम. जाऊन-येऊन चाळीसच्या वर किलोमीटर झाले. घरी आल्यावर आप्पा तासभर बायकोला रस्त्याचंच सांगत होते. चाळीस वर्षं चार भिंतींत माग बघितलेल्या माणसाला ऊन, वारा आणि मोकळा रस्ता मिळाला होता. हा आनंद खरा होता, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढं जे बिघडलं त्यात चूक या आनंदाची नव्हती.

पुढच्या रविवारी पोरं कोल्हापूरला गेली, आप्पाही गेले. नंतर बाहुबली झालं, रामलिंग झालं. पोरं तिशीतली. त्यांतले दोघे रोज सकाळी व्यायाम करणारे, एक तालमीत जाणारा. आप्पा सोमवार ते शनिवार खुर्चीत आणि रविवारी एकदम पन्नास-साठ किलोमीटर. सोमवारी मांड्या भरून यायच्या. मंगळवारी जिना उतरताना गुडघा कुरकुरायचा. बुधवारी जरा बरं वाटायचं आणि शनिवारी रात्री पोटात गोळा यायचा, की उद्या परत जायचंय. जी गोष्ट मौजेसाठी सुरू केली तिची धास्ती वाटायला लागली, तिथंच खरं म्हणजे थांबून विचार करायला हवा होता. पण गावात नाव झालं होतं. चौसष्टाव्या वर्षी आप्पा पोरांच्या बरोबरीनं सायकल मारतात, असं चहाच्या गाड्यावर बोललं जायचं. त्या बोलण्याचं ओझं सायकलपेक्षा जड होतं.

हळूहळू रविवार चुकायला लागले. एकदा लग्न, एकदा सर्दी, एकदा नुसताच कंटाळा. मग पावसाळा लागला. पंचगंगा पात्राबाहेर पडली की शिरोळ तालुक्यातले रस्ते पाण्याखाली जातात. वाडीला मंदिरात पाणी शिरतं, दक्षिणद्वार सोहळ्याच्या बातम्या येतात आणि सायकलवाल्यांची ती वाट बंद होते. आप्पांची सायकल जिन्याखाली प्लास्टिकच्या कागदात गेली ती दिवाळीपर्यंत. आप्पांना सायकल म्हणजे लांबचं गाव एवढंच ठाऊक झालं होतं. लांब जाता येत नसेल तर ती काढायची कशाला?

दिवाळीनंतर पोरांनी जोतिबाचा बेत केला. कबनूरहून कोल्हापूर आणि तिथून पुढं डोंगराचा चढ. जवळजवळ पाच महिने चाकाला हात न लावलेले आप्पा निघाले. कोल्हापूरपर्यंत पोरांच्या मागं राहिले. चढ सुरू झाल्यावर पोटऱ्यांत असे गोळे आले की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. गुडघा सुजला. पाणीही नीट प्यायले नव्हते, कारण तहानच लागली नव्हती म्हणे. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. अंगाला पाणी हवं असतं आणि घसा ते सांगत नाही. आप्पा आणि त्यांची सायकल एका टेम्पोतून परत आली.

चार दिवसांनी आप्पांनी जाहीर केलं, "सायकल इकायची. वय झालं आता."

*

सायकल बघायला पहिले आले ते तात्या. तात्या पोस्टमन होते. टपालाची पिशवी घेऊन त्यांनी आसपासच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातलेल्या. निवृत्तीनंतर बारा वर्षं झाली, वय बहात्तर, तरी 22 इंची काळी अॅटलस अजून चालवायचे. रोज सकाळी रुईच्या नदीपर्यंत जायचं, पाच मिनिटं टेकायचं, येताना भाजी घेऊन यायचं. त्यांना कुणी सायकलपटू म्हणत नव्हतं. सायकलवरून भाजी आणणारा म्हातारा, एवढीच ओळख.

तात्यांनी गिअरच्या सायकलीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला.

"घेणार न्हाई मी. माझी हाय की. खरं इकतोस कशापायी?"

"तात्या, झेपत न्हाई. गुडघं गेलं."

"आठवड्यात किती दिस काढत होतास?"

"रविवारी. त्योबी चुकायचा मधनं."

"आनि जोतिबाच्या आधी?"

"दिवाळीपतोर बंदच होती."

तात्या पायरीवर बसले. "आप्पा, तू जॉबर. सा म्हैनं बंद पडल्याला माग चालू कराय गेलास, तर काय करतोस?"

आप्पांना यात सांगण्यासारखं काय ते कळेना, पण प्रश्न मागाचा होता. ते सांगायला लागले. "फणी गंजल्याली असती, ती घासायची. बेरिंगात तेल सोडायचं. पट्टा टाकायच्या आदुगर हातानं फिरवून धोटा सुटतोय का बघायचं. मग चालू करायचा, खरं जवळ हुबं ऱ्हायाचं. तार तुटली की थांबायचं. धा मिन्टं, मग अर्धा तास. पयल्या दिशी कोण पुरी पाळी काढतंय?"

"आनि चालू झाल्यावर?"

"मग बंद ठेवायचा न्हाई. चालता माग दुखणं काढत न्हाई, बंद माग काढतो."

एवढं बोलून आप्पा गप्प झाले. तात्याही गप्प. आप्पांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं सगळ्यांत आधी तोंड उघडलं, "मागाचं समदं कळतंय, खरं अंगाचं कळत न्हाई व्हय तुमास्नी?"

सायकल विकायची राहिली.

*

तात्यांचा नियम एकच होता आणि तो कारखान्याच्याच बोलीतला होता. एक खाडा चालतो, सलग दोन खाडे नकोत. घरी पाहुणे आले, पाऊस लागला, अंग कसकसलं, तर एक दिवस सोडा. दुसऱ्या दिवशी मात्र सायकल निघाली पाहिजे, मग ती ओढ्यापर्यंत जाऊन परत का येईना.

हा नियम त्यांना कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. टपालाच्या नोकरीत सुट्टी एका रविवारची असायची. सणाला जोडून दोन-तीन दिवस मिळाले की पुढचा दिवस अंगावर यायचा, हे त्यांनी पायांनी ओळखलं होतं. आप्पांची नात कोल्हापूरला फिजिओथेरपी शिकते. तिला हे ऐकून नवल वाटलं, कारण मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टर जवळजवळ हेच सांगतात: व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. स्नायूंनी काम केलं की पुढचा एखाद-दोन दिवस ते रक्तातली साखर चांगली ओढून घेतात. मग तो गुण ओसरतो.

"आज्जा, रविवारी साठ किलोमीटर मारलंस तर त्याचा फायदा गुरुवारपर्यंत कुठं टिकतोय?" ती म्हणाली. "आणि तुझ्या वयाला तेवढं दुखणं भरून यायला जास्त दिवस लागतात. म्हणजे दुखणं पुरं, लाभ अर्धा."

आधी तिनं आप्पांना डॉक्टरकडं नेलं. रक्तदाब, साखर, छातीचा आलेख झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि छातीत दाटलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा फार धाप लागली तर जिथं असाल तिथं उतरा, एवढं बजावलं. मग गल्लीच्या टोकाच्या सायकल दुकानात सीट दोन बोटं वर घेतली. इतके महिने आप्पा खाली बसून गुडघे दुमडून पायडल मारत होते. वर जड गिअर टाकायचे, कारण जड गिअर म्हणजे ताकद असा त्यांचा समज. दुकानदारानं हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवायला लावले. निम्मं गुडघेदुखीचं कारण तिथंच सापडलं.

पहिले पंधरा दिवस आप्पा तात्यांच्या बरोबर ओढ्यापर्यंतच गेले. जाऊन-येऊन वीस मिनिटं. लाज वाटायची. रविवारी पोरं हेल्मेट घालून समोरून जायची आणि हात करायची. वीस मिनिटांसाठी गिअरची सायकल काढलेला माणूस आपण, असं आप्पांना वाटायचं. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सकाळी डोळे उघडताच अंग बाहेर जायला मागत होतं. शनिवार रात्रीचा पोटातला गोळा गेला होता, कारण रविवार आता इतर दिवसांसारखाच एक दिवस होता.

तात्यांचं दुसरं माप हेच होतं. घरी परतल्यावर विचारायचं, उद्या परत जावंसं वाटतंय का? वाटत असेल तर आजचं अंतर बरोबर. नसेल तर उद्या अंतर कमी करायचं, पण जाणं बंद करायचं नाही. मला हे माप घड्याळ आणि किलोमीटर दाखवणाऱ्या यंत्रांपेक्षा जास्त खरं वाटतं. अंतर किती झालं ते यंत्र सांगेल, पण माणसाला उद्याची ओढ उरली आहे का, ते त्याचं त्यालाच कळतं.

वीस मिनिटांची तीस झाली. रुईची नदी आली. पुढं आठवड्यातला एक दिवस माणगावला ठरला. 1920 च्या मार्चमध्ये राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या परिषदेसाठी तिथं आले, त्या गावापर्यंत जायचं, स्मारकाजवळ पाणी प्यायचं आणि परत यायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना, साठी उलटलेल्यांनाही, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आप्पांनी कधी मोजलं नाही, पण अर्धा तास पाच दिवस म्हणजे 150 मिनिटं होतातच. नातीनं त्यात एक भर घातली. सायकलीवर शरीराचं वजन सीटवर असतं, हाडांवर पुरेसा भार पडत नाही. म्हणून संध्याकाळी थोडं चालायचं आणि खुर्चीला धरून एका पायावर उभं राहायचं. आप्पांनी कुरकुर केली, पण केलं.

*

इथं दोन फ्रेंच माणसांची आठवण काढल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

एक पॉल द व्हिव्ही. लोक त्याला व्हेलोसिओ म्हणायचे. 1853 साली जन्मला. तो राहायचा त्या सेंत-एतिएन गावात रेशमी फिती विणणारे माग घरोघर होते आणि तो स्वतः रेशमाच्या व्यापारातला होता. म्हणजे आपल्या इचलकरंजीवाल्याला परका वाटू नये असाच माणूस. 1887 साली त्यानं सायकलीवरचं मासिक काढलं. सायकलीला गिअर हवेत म्हणून तो आयुष्यभर भांडला, कारण गिअर हे अशक्तांचं काम असं तेव्हाचे शर्यतवाले मानत. स्वतः रात्रंदिवस सायकल मारणारा हा गडी इतरांना सांगायचा ते मात्र सौम्य होतं. भुकेच्या आधी खा, तहानेच्या आधी प्या, जेवण आणि झोप उडेल इतकं थकू नका, आणि मोठेपणासाठी पायडल मारू नका. यातली शेवटची गोष्ट आप्पांना जोतिबाच्या पायथ्याला कुणी सांगितली असती तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं.

दुसरा रॉबेर मार्शां, जन्म 1911. साठी उलटल्यावर तो पुन्हा सायकलवर बसला. 2012 साली, शंभराव्या वर्षी, त्यानं तासाभरात 24.25 किलोमीटर कापले. दोन वर्षांनी, 102 वर्षांचा असताना, तासाला 26.927. वय वाढलं आणि अंतरही वाढलं. या मधल्या काळात वेरोनिक बिला या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा सराव आखून दिला होता. वर्षाला सुमारे 5000 किलोमीटर, त्यातलं ऐंशी टक्के अगदी हलकं, बोलत बोलत जाता येईल असं, आणि वीस टक्के जोराचं. शरीर किती प्राणवायू वापरू शकतं त्याचं माप या काळात 31 वरून 35 वर गेलं. नातीनं हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "शंभराव्या वर्षी?" आणि मग, "ऐंशी टक्के हळू?" दुसऱ्या प्रश्नात जास्त नवल होतं.

*

पण तात्यांचं सगळं बरोबर होतं असंही नाही, आणि ते आप्पांच्या लक्षात आलं.

बारा वर्षं रुईची नदी, बारा वर्षं तोच वेग. पाय चालते राहिले होते, पण मन त्या रस्त्याला विटलं होतं. मधल्या एका थंडीत तात्यांचे खाडे वाढले. गुडघे ठीक होते, अंगात ताप नव्हता. "रस्त्यावरचा दगडन् दगड पाठ हाय," ते म्हणाले. "जाऊन काय बघायचं?" आणि आणखी एक गोष्ट होती. अर्ध्या तासापलीकडं अंगाला कधी नेलंच नाही, त्यामुळं अर्ध्या तासातच आताशा धाप लागायची. आपल्याला याहून जास्त जमणार नाही, असं त्यांनी बारा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

या वेळी पायरीवर आप्पा येऊन बसले.

"तात्या, खिद्रापूर बघितलंय?"

"ऐकलंय. बघितलं न्हाई."

"जाऊया की."

"येडा हाईस? ऐंशी किलोमीटर हुतंय जाऊन-येऊन."

"एका दिशी कोण म्हंतंय?"

आप्पांनी सहा आठवडे लावले. रोजचं रुई तसंच ठेवलं, फक्त रविवारचं अंतर थोडं थोडं ताणलं. माणगाव, मग टाकवडे, मग शिरढोण. ताणलेल्या दिवसानंतरचा दिवस नेहमी हलका. एका आठवड्यात तात्यांची पाठ धरली, तेव्हा वाढवलं नाही, उलट कमी केलं. तात्यांच्या अॅटलसला गिअर नव्हते, म्हणून चढ आला की दोघंही उतरून चालायचे. आप्पांना गिअर होते, तरी तेही उतरायचे.

माघात निघाले. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं धावत होते, म्हणून उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, मागं लाल दिवा लावायचा आणि ट्रॉलीचा आवाज आला की डांबर सोडून साइडपट्टीला जायचं, असं ठरलं होतं. दर अर्ध्या तासाला थांबून दोन घोट पाणी, तहान असो-नसो. दुपारच्या आत वाडी. दत्ताचं दर्शन झालं, घाटावर बसणं झालं, कवठाची बर्फी झाली आणि रात्री भक्तनिवासात मुक्काम. तात्या नऊलाच घोरायला लागले. जेवण उडालं नव्हतं, झोपही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिद्रापूर. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर, पायाशी दगडी हत्तींची रांग आणि पुढं तो स्वर्गमंडप, ज्याच्या छताला मधोमध गोल मोकळं आभाळ ठेवलंय. तात्या त्या गोलाखालच्या शिळेवर उभे राहिले आणि वर बघत राहिले. टपालाच्या पिशवीनं वाकलेली मान इतका वेळ वर राहिलेली आप्पांनी पहिल्यांदा बघितली. मग तात्या एकेक खांब हात लावून बघत फिरले. दीड तास गेला. घाई नव्हती, कारण कुणाच्या आधी पोचायचं नव्हतं.

परत येताना कुरुंदवाडला जेवून, सावलीत पडून, ऊन उतरल्यावर निघाले आणि दिवेलागणीच्या आत कबनूरच्या ओढ्याजवळ पोचले. पोरांनी हेच अंतर मागच्या महिन्यात एका सकाळी मारलं होतं. त्यांना देऊळ आत जाऊन बघायला वेळ झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी खाडा केला. हक्काचा, एकच. आप्पांच्या बायकोनं मुद्दाम विचारलं, "गुडघं?" आप्पांनी जिना चढून-उतरून दाखवला.

त्याच दिवशी संध्याकाळी बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले गल्लीतले एक गृहस्थ आले. नवी कोरी सायकल, नवं हेल्मेट, हातमोजेसुद्धा. खिद्रापूरचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"आप्पा, येत्या रविवारी मला वाडीला घेऊन चला. अगदी तयारीत आहे."

आप्पांनी सायकल न्याहाळली, वाकून सीटची उंची बघितली.

"रविवारचं मागनं बघू," ते म्हणाले. "उद्या मंगळवार. सकाळी सातला ओढ्याजवळ या. वीस मिन्टांत परत येतोय. आनि येताना ही सीट दोन बोटं वर घिऊ."

"फक्त ओढ्यापर्यंत?"

"आनि बुधवारी बी," तात्या आतून म्हणाले.